दहावीचा निकाल कधी लागणार? जाणून घ्या सविस्तर

एप्रिल उजाडला की महाराष्ट्रात एक खास वाङ्मयप्रकार बहरतो. शीर्षक ठरलेले : 'एसएससी रिझल्ट : दहावीच्या निकालाबाबत मोठी अपडेट समोर!' आत शिरल्यावर पहिल्या परिच्छेदात कळते की लाखो विद्यार्थी आणि पालक निकालाची आतुरतेने वाट पाहत आहेत. ही बातमी वाट पाहणाऱ्यांनाच दिलेली असते. दुसऱ्या परिच्छेदात तेच वाक्य शब्द बदलून येते. मग जाहिरात. मग निकाल पाहण्याच्या पायऱ्या : मंडळाचे संकेतस्थळ उघडा, बैठक क्रमांक टाका, आईचे नाव टाका, प्रिंट काढून जपून ठेवा. न लागलेल्या निकालाची प्रिंट कशी काढायची, याचे मार्गदर्शन इतके बारकाईने अन्यत्र मिळणार नाही. आणखी दोन जाहिराती ओलांडल्या की तळाशी सत्य भेटते : 'मंडळाने अद्याप अधिकृत तारीख जाहीर केलेली नाही.' 2024 साली निकाल 27 मे रोजी लागला, 2025 साली 13 मे रोजी. मोठी अपडेट मात्र दरवर्षी त्याच्या कितीतरी आधीपासून रोज समोर येत असते.

लिहिणाऱ्याला हसणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. तो बिचारा तुमच्यासाठी लिहीतच नाही. त्याचा वाचक गूगल. मुख्य कीवर्ड शीर्षकात हवा, पहिल्या परिच्छेदात हवा, निदान दोन उपशीर्षकांत हवा. मजकूर आठशे शब्दांचा हवा. शेवटी 'नेहमी विचारले जाणारे प्रश्न' हवेत, मग ते कुणी कधी विचारलेले नसले तरी चालतील. परीक्षक पाने मोजून गुण देतो, या श्रद्धेने पुरवणीवर पुरवणी जोडणाऱ्या विद्यार्थ्याचीच ही तऱ्हा. गंमत म्हणजे परीक्षकाने ही श्रद्धा लेखी नाकारली आहे. आमची अमुक शब्दसंख्येची पसंती नाही, माणसांसाठी लिहा, असे गूगलच्या मार्गदर्शनात स्वच्छ म्हटले आहे. पण प्रतिशब्द दराने बिल करणाऱ्याला हे पटवून सांगायला कोण जाणार?

यावर जाणकार म्हणतात, धीर धरा, गूगल हे सगळे निस्तरतेच आहे. निस्तरते, हे खरे. पानाच्या पोटात लपवलेल्या कीवर्डांची यादी आम्ही मोजत नाही, हे त्याने 2009 साली जाहीर केले. 2011 च्या 'पांडा'ने घाऊक मजकुराचे कारखाने हाणले, 2012 च्या 'पेंग्विन'ने विकतच्या लिंका. त्याही आधी, 2006 साली, शोधयंत्राला एक पान आणि माणसाला दुसरे दाखवल्याबद्दल बीएमडब्ल्यूच्या जर्मन संकेतस्थळाला काही दिवस यादीबाहेर उभे केले होते. म्हणजे परीक्षक मोठ्या घरच्या मुलालाही वर्गाबाहेर काढतो. 2022 साली तर 'उपयुक्त मजकुरा'साठी वेगळी सुधारणाच आली. त्यावर उद्योगाने काय केले? उपयुक्त दिसण्याचे क्लास काढले. लेखाखाली लेखकाचा फोटो आला, 'तज्ज्ञांनी तपासलेले' ही ओळ आली. तपासले कुणी, हे तज्ज्ञालाच ठाऊक. उपयुक्ततेची खूण जाहीर झाली, की उपयुक्ततेपेक्षा खूण तयार करणे स्वस्त पडते. त्यामुळे प्रत्येक सुधारणेने एक क्लृप्ती मरते आणि तिच्या तेराव्याला दुसरीचे बारसे होते.

याचे मूळ भाषेत शोधू नये, हिशेबात शोधावे. गूगलच्या दोन संस्थापकांनी 1998 साली, विद्यार्थी असताना, आपल्या शोधनिबंधात बजावले होते की जाहिरातींवर जगणारे शोधयंत्र जाहिरातदारांकडे झुकणार आणि शोधणाऱ्यापासून दूर जाणार. निबंध उत्तम होता. 2000 साली त्यांनी शोधाशेजारी जाहिराती विकायला सुरुवात केली आणि 2003 पासून इतरांच्या पानांवरही त्या लावून उत्पन्न वाटून घेण्याची सोय केली. आता आपल्या निकालाच्या पानाचे गणित मांडा. 'तारीख जाहीर नाही' हे पहिल्याच ओळीत लिहिले तर वाचक दोन सेकंदांत जातो आणि खालच्या तीन जाहिराती कोऱ्या डोळ्यांनी भिंतीकडे बघत बसतात. उत्तर तळाशी ठेवले तर तिन्हींचे पैसे सुटतात, आणि कित्येक पानांवर त्यातला वाटा परीक्षकाच्याच खिशात जातो. पाल्हाळाला नापास करण्याची जबाबदारी अशा परीक्षकावर सोपवून आपण निर्धास्त आहोत.

एक आक्षेप मात्र वजनदार आहे. हे सोपस्कार केले नाहीत तर मराठी मजकूर सापडणारच नाही, मग चांगला लिहून उपयोग काय? बरोबर आहे. विद्यार्थी 'शालान्त परीक्षेचा निष्पत्ती-अहवाल' असे काही शोधत नाही. तो 'रिझल्ट' शोधतो, तेही बऱ्याचदा रोमन लिपीत. त्याच्या तोंडचे शब्द शीर्षकात घालणे हे सौजन्यच, आणि ते न पाळणारी सरकारी संकेतस्थळे आपण रोज सोसतो. पण या आक्षेपाने शीर्षकाचे समर्थन होते, फार तर उपशीर्षकांचे. त्याखालच्या सातशे ऐंशी शब्दांचा जामीन त्यातून होत नाही.

आता तर गूगलच यंत्राकडून उत्तर लिहून घेऊन सर्वांत वर छापू लागले आहे, आणि आपली पाने कुणी उघडत नाही म्हणून संपादकांचे धाबे दणाणले आहे. तळाशी लपवलेली ती एक ओळ यंत्राने अलगद उचलली, यात त्याचे कौतुक किती आणि आपली सोय किती, कोण जाणे. आठशे शब्दांत एकच ओळ कामाची असेल तर चोरीला दुसरे जाणार तरी काय? वाचकाला पानापर्यंत आणायचे तर तिथे यंत्राला उचलता न येणारे, म्हणजे अजून कुणीच न लिहिलेले काही हवे. गुणपडताळणीच्या अर्जाची मुदत कोणत्या दिवशी संपते, उत्तरपत्रिकेची छायाप्रत यंदा प्रत्यक्षात किती दिवसांनी हातात पडते, अकरावीच्या अर्जाला तोवर थांबायचे की नाही. निकालाच्या दुसऱ्या दिवशी घराघरांत हेच विचारले जाते. मंडळाची नऊ विभागीय कार्यालये आहेत, त्यांतल्या एखाद्याला कुणीतरी फोन लावावा लागेल, कदाचित तीनदा. प्रतिशब्द दरात तो फोन बसत नाही.