प्लास्टिकच्या जवानाचे हात कसे तोडावेत

दुकानात मिळणारा जवान आपल्याला चालणार नाही, हे आधी ठरवावं. मग तोच विकत आणावा. आणलेली वस्तू त्याच रात्री करवतीने कापायची तर आणलीच कशाला, हा प्रश्न घरात निघतो. त्याला उत्तर नसल्यामुळे कापाकापी सगळे झोपल्यावर करण्याची पद्धत पडली आहे.

उदाहरणादाखल नाईक यशवंत घाडगे घेऊ. रायगडातल्या माणगाव तालुक्यातले, पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमधले. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, तिबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, त्यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगन चालली आणि ते सोडून सगळे मेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटे धावून गेले. हातबॉम्बने मशीनगन आणि तिचा चालक संपवला, टॉमीगनने आणखी एकाला टिपलं, आणि मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिने झोडपून मारलं. लगेच लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांना ते बळी पडले. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला.

प्लास्टिकचे संच बनवणाऱ्या कंपन्यांचा जवान मात्र बंदूक नेहमी शहाण्यासारखी धरतो : उजवं बोट घोड्यावर, डावा हात नळीखाली, नजर लांब कुठेतरी. त्याला घाडगे करायचं म्हणजे दोन्ही हात खांद्यापासून उतरवणं आलं, कंबर पिळणं आलं. ब्रिटिशांच्या आठव्या सैन्याचा वाळवंटी संच घेतलात तर तो जवान अर्ध्या चड्डीत असतो. लांब पँट हवी असल्यास तीही तुम्हीच शिवायची, पुट्टीने.

माप १:३५. हा आकडा फार विचारान्ती ठरला असेल असं वाटतं. खरं म्हणजे १९६०च्या दशकारंभी टामिया कंपनीने पँथर रणगाड्याचा संच काढला तेव्हा आत मोटर आणि बॅटऱ्या मावतील एवढा तो केला, आणि तेच माप पुढे रूढ झालं. साडेपाच फुटी माणूस त्यात ४८ मिलिमीटर भरतो. म्हणजे आपल्या जवानाची उंची बॅटरीने ठरवली आहे. शरीरशास्त्राची पुस्तकं नंतर उघडावीत.

आता पुट्टी. वेल्सची मिलिपुट पाण्याच्या बोटाने गुळगुळीत होते. पिवळी-निळी पट्टी मळून होणारी हिरवी पुट्टी चिवट; तिला जिथे दाबाल तिथून ती थोडी मागे सरकते, म्हणून जाणते लोक दोन्ही निम्मी-निम्मी मळतात. आणि आपलं एम-सील आहेच. दुकानदार विचारेल, ‘‘कुठं गळतंय?’’ ‘‘खांद्यात’’ असं उत्तर देऊ नये. एम-सील लवकर घट्ट होतं, तेव्हा ते फक्त आतल्या भरावासाठी. चेहऱ्याला लावलंत तर भुवया उमटेपर्यंत जवान दगड झालेला असेल. कुठलीही पुट्टी घ्या, ती दोन भागांत येते; दोन्ही भाग सारखे घेऊन, रंगाची एकही रेघ दिसेनाशी होईपर्यंत मळायचे. हातमोजे घालावेत. न सुकलेलं इपॉक्सी त्वचेला लागत राहिलं तर पुरळ उठतं, हे या लेखातलं एकमेव गंभीर वाक्य समजा.

तुटलेल्या खांद्यात बारीक भोक पाडून तांब्याची तार रोवावी आणि ती वाकवून आधी पवित्रा ठरवावा. इथे घाई नको. नळी धरून बंदूक उगारलेला माणूस नुसते हात वर करत नाही; त्याची एक टाच उचलली जाते, बरगड्या ताणतात, सदरा एका बाजूने कमरेतून निसटतो. चुण्या ताणाच्या जागेपासून निघतात : काखेतून, कोपरातून, जांघेतून. त्या शोभेसाठी कुठेही काढल्या तर जवान इस्त्रीला द्यायचा राहिलेला दिसतो. संशय आल्यास आरशासमोर लाटणं उगारून उभं राहावं. दार लावून.

एका बैठकीत एकच अवयव. दंड रात्रभर सुकू द्यावा, मगच मनगट. नाहीतर मनगट नीट करताना दंडावर अंगठा बसतो.

पंजा हा खरा प्रश्न. त्याची लांबी जेमतेम पाच मिलिमीटर, बोट अर्ध्या मिलिमीटरचं. पाच बोटं वेगळी करण्याचा हट्ट नवशिक्यांनी धरू नये. आधी पुट्टीचं एक फडकं नळीभोवती गुंडाळावं आणि ते थोडं घट्ट झाल्यावर सुईने चार फटी पाडाव्यात. नुकत्याच झाडलेल्या बंदुकीची नळी तापलेली असते. तरीही ती आवळून धरलेली आहे; ही पकड हलकी दिसली तर बाकीचं सगळं व्यर्थ आहे, असं माझं मत. पदकाची रिबन बिनचूक रंगवणारे पुष्कळ भेटतात. असा पंजा क्वचित दिसतो.

पट्टे सोपे. टाल्कम पावडर भुरभुरून पुट्टी शंकरपाळ्याच्या पोळीसारखी लाटावी, अर्धवट सुकू द्यावी, नव्या पात्याने पट्ट्या कापाव्यात. १९३७च्या पद्धतीचा कॅनव्हासचा पट्टा सव्वादोन इंच रुंद, म्हणजे इथे सुमारे १.६ मिलिमीटर. दोन मिलिमीटरचा झाला तर ते ओळखणारा गृहस्थ प्रदर्शनात पहिल्या दहा मिनिटांत येतो. त्याला चहा पाजावा. घरचे ‘‘दिवाळीच्या किल्ल्यावर ठेवायचा का?’’ म्हणतील, त्यांनाही पाजावा.

शेवटी राखाडी प्रायमर. तोवर रंगीबेरंगी पुट्ट्यांत लपलेलं सगळं त्यात उघडं पडतं, विशेषतः पाठीवरचा तुमच्या अंगठ्याचा ठसा. त्यातली एकेक रेघ जवानाच्या बोटाएवढी जाड असते. मास्क लावून ओल्या पॉलिश पेपरने ठसा घासावा. घासताना जवान दुसऱ्या हाताच्या चिमटीत घट्ट धरावा लागतो, त्यात त्याचं मनगट निखळतं. पुट्टीचे दोन्ही भाग पुन्हा सारखे घ्यावेत.