गच्चीवरच्या उन्हाच्या मालकांस

मा. सेक्रेटरीसाहेब,


परवा रात्री अकराच्या सुमारास आपण वॉचमनला पुढे घालून पार्किंगमध्ये उतरलात आणि माझ्या गाडीचा प्लग काढलात. नुसता काढला असता तर एक वेळ चाललं असतं. आपण सॉकेटच्या पेटीला कुलूप घातलंत आणि किल्ली उशाशी घेऊन झोपलात. सकाळी मला बेलापूरला जायचं होतं आणि गाडीत जेमतेम वांद्र्यापर्यंतची वीज होती. टॅक्सीचे पैसे मी मागत नाही. पण फलकावर जी नोटीस आपण लावलीत, ती वाचून गप्प बसणं माझ्या प्रकृतीला झेपणारं नाही.

नोटीस म्हणते: गच्ची सामाईक, म्हणून गच्चीवर पडणारं ऊन सामाईक, आणि त्या उन्हाची वीज एका सभासदाच्या खाजगी गाडीत भरणं म्हणजे सोसायटीच्या मालमत्तेचा अपहार. धन्य! एफएसआयच्या भांडणात आयुष्य घालवलेली माणसं या माहीममध्ये ढिगाने आहेत, पण थेट सूर्याचं प्रॉपर्टी कार्ड काढायचं त्यांच्यापैकी कुणाला सुचलं नव्हतं.

तर एक बारीकशी शंका. एप्रिल लागला की याच गच्चीवर पापड, कुरडया, सांडगे आणि मिरच्या पसरतात. आपल्या घरच्या कुरडया तर टाकीपासून जिन्याच्या दारापर्यंत असतात, पाय कुठे ठेवायचा हा प्रश्न पडतो. ते ऊन कोणत्या खात्यातून खर्ची पडतं? त्या कुरडया आपण सर्वसाधारण सभेत वाटल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. माझ्या गाडीला निदान सबमीटर आहे. युनिटमागे पैसे मोजून मी पावती घेते. कुरडईची पावती फाडलीत कधी?

आता हिशेब. आपली पॅनेलं दहा किलोवॅटची. चांगल्या उन्हात किलोवॅटमागे दिवसाला चारेक युनिट, म्हणजे एकूण चाळीसच्या आसपास. पावसाळ्यात यातलं बरंचसं ढगात जातं, कबूल. माझी गाडी लहान, एका युनिटला सहा-सात किलोमीटर धावणारी. रोजचे तीस किलोमीटर धरले तरी पाच युनिट पुरतात. पॅनेलच्या भाषेत सव्वा किलोवॅट, गच्चीच्या भाषेत सव्वाशे चौरस फूट. कुरडया याहून जास्त जागा अडवतात.

नोटिशीचं दुसरं कलम तर फ्रेम करून लावावं असं आहे. ‘रात्री ऊन नसते, सबब रात्री चार्ज होणारी गाडी सौरऊर्जेवर चालते हा दावा खोटा.’ साहेब, लिफ्टही रात्री चालते. दिवसा आपल्याला नको असलेली वीज बेस्टच्या तारांत जाते, रात्री लागेल ती आपण तिथून घेतो, आणि बिलात एकातून दुसरी वजा होते. यालाच नेट मीटरिंग म्हणतात. उभी हयात सहकारी बँकेत काढलेल्या माणसाला जमा आणि नावे मी समजावून सांगायचं?

आणि ‘सामाईक’बद्दलच बोलायचं तर ही पॅनेलं बसली कुठल्या पैशांवर? फेब्रुवारी 2024 मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायट्यांना सामाईक सोयींसाठी किलोवॅटमागे 18,000 रुपये अनुदान मिळतं. त्या सामाईक सोयींत विजेवरच्या गाड्यांचं चार्जिंग स्पष्ट शब्दांत धरलेलं आहे. दहा किलोवॅटचे 1,80,000 रुपये सोसायटीच्या खात्यात आले. अर्जाखाली सही आपली आहे. म्हणजे अनुदान घेताना माझी गाडी सामाईक होती आणि प्लग लावताना खाजगी झाली!

बाकीच्या हरकती किरकोळ. रीडेव्हलपमेंट होणार म्हणून काही करायचं नाही, हे मी लग्न होऊन या बिल्डिंगमध्ये आले तेव्हापासून ऐकते आहे. वांद्र्याला नेऊन चार्ज करा म्हणालात. संध्याकाळचा कॉजवे आपण शेवटचा कधी पाहिलात? आणि हे विजेवरचं नवीन खूळ म्हणालात, तर या शहरात विजेची ट्राम 7 मे 1907 रोजी धावली. आपल्या आजोबांनीसुद्धा तिचं तिकीट काढलं असेल.

आगीची हरकत मात्र हसण्यावारी नेत नाही, कारण तिथे माझं डोकं फिरतं. चाळीस-चाळीस लिटर पेट्रोल पोटात घेऊन त्याच पार्किंगमध्ये गाड्या उभ्या आहेत. त्यांना कुणी ना-हरकत मागितली? एसीसाठी इंजिन चालू ठेवून ड्रायव्हर तासन्‌तास झोपतात, तो धूर माझ्या सासूबाईंच्या खिडकीत येतो. त्यावर एक नोटीस लावलीत? गणपतीत मीटररूममधून साध्या वायरी ओढून अख्खं कंपाउंड झगमगतं तेव्हा आगीची भीती कुठे जाते? ज्याची सवय झाली ते सुरक्षित आणि जे नवीन ते धोक्याचं, एवढंच तुमचं शास्त्र. वीट आलाय मला त्याचा.

काल वॉचमनला झापायला गेले होते. तो म्हणाला, मॅडमची गाडी लागली की साहेब रात्री दोनदा खाली येतात, वायरला हात लावून बघतात, गरम झाली का ते. गुडघे धरून, जिन्याने, कारण लिफ्टच्या आवाजाने लोक उठतील.

हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक आहे ते एवढंच की या पदाला पगार नाही आणि निवडणुकीला दुसरा अर्ज कधी येत नाही. मला तोंडी परवानगी देणारे चेअरमन सध्या मुलीकडे पुण्याला आहेत. उद्या खरंच ठिणगी पडली तर पोलीस त्यांना शोधत पुण्याला जाणार नाहीत, आपल्या दारावर थाप मारतील. माझा हक्क नियमात लिहिलेला आहे. आपली झोप कुठल्याच नियमात नाही.

तेव्हा असं करू. विजेच्या गाडीसाठी स्वतंत्र जोडणी मागण्याचा हक्क वीज ग्राहकांच्या हक्कांच्या नियमांत फेब्रुवारी 2024 मध्ये झालेल्या दुरुस्तीने ग्राहकाला मिळाला आहे. तसा अर्ज मी बेस्टकडे करते आहे, प्रत सोबत आहे. अर्थिंग आणि ब्रेकर परवानाधारक कंत्राटदाराकडून तपासून घेईन, खर्च माझा. त्याचं प्रमाणपत्र सोसायटीच्या नावे नको, आपल्या नावे करून घेऊ. उद्या कुणी विचारलं तर ते आपल्या खिशात असू दे. सौर युनिटांचं काय करायचं ते सर्वसाधारण सभेत ठरवा. मी बोलणार आहे, वेळ राखून ठेवा. आणि ती नोटीस काढा. सभासद तिचे फोटो काढून नातेवाइकांना पाठवताहेत.

आपली,
दुसऱ्या मजल्यावरची सभासद
(मेंटेनन्स मार्चअखेरपर्यंत भरलेला आहे.)