कुणाचं होस्टिंग कुठं जमलं?

अहो, ऐकलं का? पूर्वी नांदेडात चार माणसं जमली की कुणाच्या पोरीला कुठलं स्थळ आलं, हे निघायचं. आता वजिराबादेत कापड फाडता फाडता दुकानदारच विचारतो, "तुमच्या पॉडकास्टचं होस्टिंग कुठं ठरायलंय?" शिव शिव! दिवसभर टपरीवर फुकट बोलणारी माणसं तेच बोलणं ठेवायला दरमहा डॉलर मोजायला निघालीत. आणि बहुतेकांचा पहिला भाग अजून बाहेर आलेला नाही!

तरोडा नाक्याच्या एका निवृत्त गुरुजींचंच घ्या. विषय भारदस्त, हैदराबाद मुक्तिसंग्राम. मुहूर्तही धरला होता, १७ सप्टेंबर. मग होस्टिंग ठरवायला घरात बैठक बसली. मुलगा म्हणाला, बझस्प्राउट. सून म्हणाली, पॉडबीन. पुण्याचा भाचा व्हिडिओ कॉलवरून म्हणाला, "मामा, लिबसिनच. २००४ पासूनचं जुनं खानदान." खानदान बघता बघता मुक्तिदिन उलटून गेला. १९४८ साली निजाम पाच दिवसांत शरण आला. गुरुजींच्या घरातला दरपत्रकांचा वाद काही मिटत नाही.

फुकटातल्या स्थळांची तर काय कथा सांगावी! अँकर नावाचं एक होतं, सगळ्यांचं लाडकं. २०१९ मध्ये स्पॉटिफायच्या घरी गेलं आणि तिथं नावच बदललं, तेही दोनदा. काही ठिकाणी फुकटच्या योजनेत भाग ९० दिवसच टिकतो, मग गायब! आणि गूगलएवढं तालेवार घराणं, पण त्यांनीसुद्धा २०२४ मध्ये गूगल पॉडकास्ट्स या ऐकण्याच्या ॲपला कुलूप घातलं. आता बोला!

खरी बोंबाबोंब मात्र सोडचिठ्ठीची. लातूरचा एक क्लासवाला म्हणे एका होस्टला सोडून दुसऱ्याकडे गेला, पण जाताना फीड पुढं वळवलंच नाही. नवे भाग नव्या घरी, ऐकणारे जुन्याच दारात. फीड म्हणजे काय गूढ नाही हो. मजकुराची साधी फाइल. भागाचं नाव, तारीख, वर्णन आणि एमपीथ्री कुठं ठेवलीय तो पत्ता. ॲपल पॉडकास्ट्स ही फाइल वाचून यादी दाखवतं. आवाज होस्टकडूनच येतो. म्हणून घर बदलताना जुन्या होस्टकडून '३०१ रीडायरेक्ट' लावून घ्यायचं. तेवढं झालं की ऐकणारा आपोआप मागोमाग येतो. जो होस्ट हे करू देत नाही, त्याच्या दारात पायच ठेवू नये.

आता वेबसाइटचा थाट बघा. "वर्डप्रेस की विक्स?" यावरून नांदेडच्या श्रीनगरात दोन भाऊ बोलेनासे झाले, असं कानावर आहे. अरे बाबांनो, बहुतेक होस्ट एक साधं पान फुकटच देतात! पण एकाने हद्द केली. सगळे आवाज स्वतःच्या स्वस्तातल्या वेबसाइटवरच चढवले. हिशोब तरी करायचा! १२८ केबीपीएसची एक तासाची एमपीथ्री साधारण ५८ एमबी भरते. ५०० जणांनी उतरवली की झाले २९ जीबी, एका भागाचे. साइट बसली नाही तर काय होईल? नुसतं बोलणंच असेल तर ६४ केबीपीएस मोनो पुरतं. वजन निम्म्यावर येतं आणि गुरुजींचा आवाज गुरुजींचाच राहतो.

तेव्हा मंडळी, चवीनं ऐकलंत तसं आता कामाचंही ऐका. डोमेन स्वतःच्या नावावर घ्या, भाच्याच्या नको. फीडमध्ये ईमेल आपलाच टाका, कारण शो आपला असल्याची खातरजमा बहुतेकदा त्याच पत्त्यावर होते. मूळ ध्वनिमुद्रणं घरच्या डिस्कवर ठेवा. आवाज होस्टकडे, माहिती वेबसाइटवर, अशी वाटणी करा. आणि हे सगळं करण्याआधी मोबाइल समोर ठेवून, पंखा बंद करून, तीन भाग बोलून टाका. तीन भाग तयार असले तर होस्टिंग एका संध्याकाळी ठरतं. आणि नसले तर जगातलं कुठलंही होस्टिंग तुमच्या काही कामाचं नाही.