हल्ली मुक्काम कोलकाता

श्रीयुत बारापासॉरस टागोरी यांस,
मूळ गाव पोचमपल्ली, तालुका सिरोंचा. हल्ली मुक्काम भारतीय सांख्यिकी संस्था, कोलकाता.

साष्टांग नमस्कार, वि. वि.

पत्रास कारण की, आमच्या घरी पाच वर्षांची एक पोट्टी आहे आणि तिला ‘सरप्राइज’ द्यावं, असा घरात ठराव झाला. हा नवा संस्कार आहे. तुमच्या काळी नसावा. पोराला पहाटे अंथरुणातून उचलायचं, कुठं चाललो ते सांगायचं नाही आणि थीम पार्कच्या फाटकासमोर त्याचा चेहरा मोबाइलमध्ये टिपायचा. चेहरा फुलला तर पैसे वसूल. नाही फुलला तर त्याला दहा पावलं मागं नेऊन पुन्हा धावत यायला लावायचं.

आता चंद्रपूरच्या माणसानं हे करावं कुठं? खोपोलीचं इमॅजिका 2013 पासून आहे, पण ते राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला. त्यापेक्षा हैदराबाद जवळ, म्हणून आमच्याकडची मंडळी रामोजी फिल्म सिटी गाठतात. लोक म्हणतील, ताडोबा दाराशी असताना इतक्या लांब कशाला? पण ताडोबात सरप्राइज बसत नाही. तिथं आधी प्रत्येकाच्या नावानिशी बुकिंग करावं लागतं, मंगळवारी उद्यान बंद, आणि वाघाला आपल्या कार्यक्रमाची कल्पना नसते. वर गाभा क्षेत्रात मोबाइल न्यायला बंदी. म्हणजे मुख्य विधीच रद्द. फुललेला चेहरा फक्त डोळ्यांनी बघायचा, हे कोणत्या आईबापाला परवडेल?

तेव्हा तुमची आठवण झाली. सिरोंचाजवळ वडधमला वनखात्याचं जीवाश्म उद्यान आहे. खऱ्या डायनासोरच्या गावचं पार्क म्हटल्यावर आम्ही हरखलो. थीम पार्कातला डायनासोर फायबरचा, पोटात स्पीकर घेऊन गुरगुरणारा. आमचा अस्सल. अंतर तेवढं दोनशेच्या आसपास किलोमीटर.

बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टी इथपर्यंत कन्या झोपेत होती. आष्टीपासून सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक सुरू झाले आणि ती उठून बसली. एवढे ट्रक एका रांगेत तिनं कधी पाहिले नव्हते. ‘हेच सरप्राइज का?’ तिनं विचारलं. आवाजात इतका आनंद होता की तिथूनच परतावं असं वाटलं. आलापल्लीच्या पुढे सागवानाचं जंगल लागलं. त्यानंतरच्या रस्त्याबद्दल लिहीत नाही. तुमच्या काळी रस्तेच नव्हते, तुलना करायला तुम्हाला काही सुचायचं नाही.

वडधमला दगड झालेले ओंडके आहेत. गाळात गाडलेल्या लाकडात पाण्याबरोबर सिलिका, म्हणजे वाळूतलं खनिज, कणाकणानं शिरतं, लाकूड जातं आणि त्याच आकाराचा दगड उरतो. हे मी पोट्टीला समजावू लागलो, तेव्हा ती ओंडक्यापाशी उकिडवी बसून नखानं त्याच्या रेघा खरवडत होती. ‘बाबा, हा गोटा आहे का झाड?’ मी सिलिकावर होतो. शेजारच्या वनमजुरानं उत्तर दिलं, ‘झाड होतं, आता गोटा झाला.’ तिचं समाधान झालं. मग आम्हा सगळ्यांची नजर चुकवून तिनं त्याला जीभ लावली. आईनं धपाटा घातला, पण शास्त्र पोरीच्या बाजूनं होतं. जुनं हाड सच्छिद्र असतं, ते जिभेला चिकटतं, साधा गोटा चिकटत नाही. भूवैज्ञानिक जंगलात हीच परीक्षा करतात. ओंडका चिकटला नाही. तिनं विचारलं, ‘मग डायनासोर कुठं आहे?’

इथं आमची पंचाईत झाली, म्हणून हा पत्रप्रपंच.

तुमचा सगळा इतिहास तिला सांगितला. 1961 मध्ये भारतीय सांख्यिकी संस्थेच्या लोकांनी पोचमपल्लीच्या रानात तुम्हाला खणून काढलं. एकटे नव्हतात, किमान सहा जणांची हाडं एकत्र पडली होती. ते टागोरांचं जन्मशताब्दी वर्ष, म्हणून 1975 मध्ये बारसं झालं तेव्हा त्यांचं नाव तुम्हाला मिळालं. कविवर्यांबद्दल तक्रार नाही. पण हाडं चांदा जिल्ह्याची (गडचिरोली तर 1982 मध्ये वेगळा झाला), नाव बंगालचं आणि सांगाडा कोलकात्याच्या संग्रहालयात उभा. तुमचं डोकं कुणालाच सापडलं नाही, काही दात तेवढे मिळाले. हे ऐकून पोट्टी खूश झाली. ‘मग डोकं अजून इथंच असेल!’ असं म्हणून ती माती उकरायला बसली. तिला उठवायला फार वेळ लागला.

तुम्ही गेलात याचा राग नाही. आमच्याकडून जाण्याची रीतच आहे. आमचा कोळसा जळतो, उष्णता आणि राख आम्हाला राहते, वीज पुढं निघून जाते. सागवान अयोध्येच्या मंदिराच्या दारांना गेलं. 2022 मध्ये ताडोबाचे आणि पातानीलचे हत्ती जामनगरला गेले; कमलापूरचे राहिले ते लोक आडवे आले म्हणून. सगळं बाहेर गेल्यावर पोरांनी आनंदही बाहेर जाऊन विकत आणावा, यात नवल काय? कोट्यवधी वर्षांचा रहिवास असूनही तुम्हाला कुणी थांबवलं नाही. इथं आम्हाला पंधरा वर्षांच्या अधिवासाच्या दाखल्यासाठी खेटे घालावे लागतात.

तरी एक मार्ग आहे. 1905 मध्ये अमेरिकेतल्या अँड्र्यू कार्नेगी यांनी आपल्या डिप्लोडोकसचा प्लास्टरचा सांगाडा लंडनच्या संग्रहालयाला भेट दिला. मूळ हाडं पिट्सबर्गला राहिली आणि लंडनच्या पोरांच्या पिढ्यान्‌पिढ्या त्या नकलेवर वाढल्या. तुम्ही मूळ हाडांसह कोलकात्यालाच राहा, तिथं तुमची निगा राखली जाते. फक्त संस्थेत कुणाच्या कानावर घाला की, साच्यातून काढलेला एक सांगाडा सिरोंचाला पाठवावा. अख्खा नसेल जमत तर मांडीचं एक हाड तरी. ते 1.7 मीटर आहे, म्हणजे पोट्टीपेक्षा कितीतरी उंच आणि तिच्या बापापेक्षाही थोडं जास्त. त्याशेजारी तिला उभं करायचं आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक चंद्रपूरकर बाप

ता. क. हे पत्र उघडं असल्यानं वाचणाऱ्या इतर आईबापांसाठी: जायचं तर थंडीत जा. आलापल्लीच्या पुढे पाणी, डबा आणि पेट्रोल यांची सोय आधीच करून ठेवा. आणि कुठं चाललो ते पोराला घरूनच सांगून निघा. इतक्या लांबच्या रस्त्यात त्याला विचारायला काहीतरी लागतं.