झाकण कुठं गेलं?

"ऐकलीस का गं? कोपऱ्यावर घर बांधायलेत ना, त्यांच्या जावयानं उदगीरहून नवा ग्राइंडर आणलाय. आणला तो आणला, पहिल्याच दिवशी झाकण काढून ठेवलं!"

भालकीत आमच्या गल्लीतली बातमी आधी अक्कांच्या भिंतीवर येते, मग गावात फिरते. नवऱ्यामागं अक्कांनी पिठाची गिरणी चालवली, पोरं मोठी केली. मोटार, पट्टा, बेअरिंग हे विषय निघाले की त्यांच्यापुढं गडीमाणूसही जरा बेतानंच बोलतो.

"कसलं झाकण, अक्का?"

"अगं, चकतीवर अर्धगोल पत्रा नसतो का, तो. म्हणतो, मधी मधी येतो. येणारच की, त्यासाठीच तर बसवलाय! आता सासूबाईंनी तो पत्रा तुळशीपुढं ठेवलाय, दिव्याला वारा लागू नये म्हणून. दिवा सुखरूप, जावई उघडा."

मी हसले. अक्का हसल्या नाहीत. त्यांनी हातातली शेंगांची परात भिंतीवर ठेवली, म्हणजे आता बराच वेळ होणार हे मी ओळखलं.

"पाच इंची चकती मिनिटाला अकरा हजार फेरे घेते. माझ्या नातवानं हिशोब करून दाखवला, तिच्या कडेचा वेग निघाला ताशी अडीचशे किलोमीटरच्या वर. आपली बिदर-कलबुर्गी गाडी किती मागं राहील बघ. तिचा कपचा उडाला तर डोळा मिटायला तरी वेळ मिळतो का? तो पत्रा तेवढ्यासाठी. आणि पत्रा काढायचं खरं कारण सांगू? सात इंची चकती बसवायची होती. एका दमात खोल कापते म्हणे."

"मग काय झालं? भोक तर सारखंच असतं."

"तिथंच फसतात सगळे. भोक सारखं, पण मोठ्या चकतीची ताकद मिनिटाला साडेआठ हजार फेऱ्यांची. तसं तिच्यावर छापलेलं असतं. ती अकरा हजारावर फिरवली की फुटू शकते. ह्याच्यात मशीनचा काय दोष? आणखी एक. बऱ्याच चकत्यांच्या मधल्या लोखंडी कड्यावर महिना नि वर्ष असतं. औषधाच्या पाकिटावरची तारीख आपण डोळे फाडून बघतो, चकतीची कोण बघतंय?"

मध्येच अक्कांची सून चहा देऊन गेली. गेल्या गेल्या अक्कांनी तिच्या माहेरची एक बातमी सांगितली, ती इथं लिहिण्यासारखी नाही. मग गाडी पुन्हा बांधकामावर आली.

त्या जावयाकडं लाकडाचं दातेरी पातंही आहे. चौकटी कापायला तेच ग्राइंडरला लावतो. इकडं हे सर्रास चालतं. बिदरपासून आळंदपर्यंत कुठल्याही सुताराकडं बघा. अक्कांच्या मते या सगळ्या प्रकारांत हा सर्वांत वाईट, आणि मलाही ते पटतं. दगडा-लोखंडाची चकती घासत घासत कापते. दातेरी पातं लाकडात अडकलं की मशीन उसळी मारून थेट माणसाच्या अंगावर येतं. त्यात बाजूचा दांडा काढलेला, एका हातात मशीन, दुसऱ्या हातात फळी, नि बटण दाबून लॉक केलेलं. सुटलं तर थांबवणार कोण? लाकडाला गोल करवत वेगळी मिळते.

"पुस्तक येतं की खोक्यात," मी म्हणाले.

"येतं. इंग्रजीत येतं, चिनीत येतं. कानडीत नाही नि मराठीतही नाही. पण चित्रं असतात ना! चष्मा घातलेलं तोंड, कानाला झाकण, लोंबता कपडा नको म्हणून फुली मारलेली. त्याला कुठली भाषा लागते?"

एवढ्यात पलीकडून घर्रर्र आवाज आला आणि पांढरा लोट उठला. मिस्त्री फरशी कापत होता. शहाबाद, चित्तापूर, सेडमची ती फरशी आपल्या भागाची शान. पुण्या-मुंबईच्या जुन्या वाड्यांत, चाळींत तीच अंथरलेली. चुनखडीचा दगड तो. त्याच्या धुळीनं खोकला येतो, डोळे चुरचुरतात, पण खरं भय स्वयंपाकाच्या ओट्याच्या ग्रॅनाइटचं. त्यात सिलिका भरपूर. ती बारीक धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही, नि त्या आजारावर परतीचं औषध नाही. 1948 च्या कारखाना कायद्यानं सिलिकोसिस हा कळवायलाच हवा अशा आजारांच्या यादीत घातला. पण गल्लीतलं बांधकाम म्हणजे कारखाना नव्हे. मिस्त्री तोंडाला रुमाल बांधतो. रुमालातून ती धूळ सहज जाते.

"पाणी सोडून काप म्हणावं," अक्का म्हणाल्या. "बाटलीला भोक पाडून पात्यावर धार धरायला एक पोरगं लागतं, तेवढंच. लोटच उठत नाही."

"पण अक्का, पाणी आणि करंट?"

"आता कशी शहाण्यासारखी बोललीस! बोर्डात ते तीस मिलिअँपिअरवर पडणारं स्विच बसवायचं. करंट जरा कुठं बाहेर गळाला की ते आपोआप बंद होतं. ते न बसवता वायरीची टोकं सोलून काडीनं सॉकेटात खुपसायची, नि वर पाणी ओतायचं! दोन खिशांचा शर्ट शिवून घेतील, पण स्विचला पैसे नाहीत."

लाइटीचा विषय निघाला आणि अक्कांना गिरणी आठवली. लाइट जायची, तेव्हा लोक गप्पा मारत ओट्यावर बसायचे. अक्का आधी बटण बंद करायच्या, मग कपाळ पुसायच्या. आपल्याकडं लाइट सांगून जात नाही नि सांगून येतही नाही. चालू बटणावर ग्राइंडर जमिनीवर टेकवून माणूस बिडी ओढायला गेला, लाइट आली, की मशीन स्वतःच्या मनानं फरशीवर नाचतं. चकती बदलायची तर नुसतं बटण बंद करून भागत नाही, पिनच काढायची.

"आणि पदर?" मी विचारलं, कारण ती गोष्ट मला माहीत होती, पण त्यांच्या तोंडून ऐकायची होती.

"पदर खोचूनच पट्ट्याजवळ जायची मी. एकदा दळायला आलेल्या बाईचा पदर पट्ट्यानं ओढला. माझा हात स्विचवर होता म्हणून वाचली. लुगडं गेलं. दुसऱ्या दिवशी मी पट्ट्याला जाळी बसवून घेतली. गिऱ्हाइकं हसायची, गिरणीला पिंजरा कशाला म्हणून."

आता तुरीचे दिवस जवळ आले. कलबुर्गीच्या तुरीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आपल्याला अभिमान आहे. पण ती तूर ज्या हडंब्यातून, म्हणजे मळणी यंत्रातून, निघते त्याच्याकडं कोण बघतं? तो फिरवणारा ट्रॅक्टरचा शाफ्ट मिनिटाला 540 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. उपरण्याचं टोक, धोतराचा सोगा, ओढणी, काहीही त्या जॉइंटला लागलं की "थांबव" म्हणेपर्यंत गुंडाळून झालेलं असतं. त्यावर प्लास्टिकचं नळकांडं येतं. ते फुटलं की पुन्हा कुणी आणत नाही.

मळणी यंत्रांवर हात-बोटं जाण्याचे प्रकार देशभर इतके झाले, की 1983 मध्ये संसदेला घातक यंत्रांचा वेगळा कायदा करावा लागला. त्याचा मुख्य रोख मळणी यंत्रावरच होता, नुकसानभरपाईसुद्धा त्यात घातली. भारतीय मानकानं पेंढ्या सारायच्या घसरणीची लांबी किमान 900 मिलिमीटर नि तिच्यावरचं झाकण किमान 450 मिलिमीटर ठरवलं. कारण साधं आहे. तेवढ्या अंतरावरून माणसाचा हात आतल्या ड्रमपर्यंत पोचत नाही. आता आपल्या शिवारात फिरून बघा, किती घसरणी अर्ध्या कापलेल्या दिसतात. लवकर उरकतं म्हणून.

"झाकण म्हणजे आपल्याकडं नवरदेवाच्या टोपीसारखं," अक्का म्हणाल्या. "दुकानातून आणताना डोक्यावर, घरी आलं की खुंटीला. कडबा कुट्टीच्या दातेरी चक्राचं झाकण बघ, शंभरात एकाकडं जागेवर सापडायचं नाही. आणि काढतं कोण? मालक. बोट जातं कुणाचं? रोजानं आलेल्याचं."

हे अक्का जरा मोठ्यानं बोलल्या. पलीकडचा घर्रर्र आवाज थांबला होता, त्यामुळं ते बांधकामापर्यंत पोचलं असणार. पोचावं म्हणूनच बोलल्या असतील.

मग आवाज खाली आणून त्यांनी मला एक गोष्ट नीट समजावली. देव करो नि वेळ न येवो, पण बोट तुटलंच, तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात वर धरायचा. तुटलेलं बोट ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळायचं, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधायचं, नि ती पिशवी बर्फावर ठेवायची. बोट थेट बर्फात घालायचं नाही, मांस जळतं. हळद, चुना, कॉफीपूड काही लावायचं नाही. 108 ला फोन करायचा, नि जोडणारा डॉक्टर कुठं आहे हे वाटेतच विचारायचं. लोखंडाचा कण डोळ्यात गेला तर चोळायचा नाही, पदराच्या टोकानं काढायचा तर मुळीच नाही.

परवापासून अक्कांच्या शेतात तुरीची रास आहे. हडंबा भाड्यानं सांगितलाय, पण शाफ्टवर नळकांडं नसलं तर ट्रॅक्टर बांधावरूनच परत पाठवणार असं त्यांनी मालकाला आधीच बजावलंय. कामाला येणाऱ्या बायांना त्यांचा निरोप आहे: पदर खोचून, ओढणी घरी ठेवून, हातातल्या बांगड्या मागं सारून या. रोज पूर्ण मिळेल, चहा दोनदा मिळेल. पण मशीन चालू असताना अडकलेली काडी हातानं ओढताना कुणी दिसलं, तर तिचा रोज तिथंच बंद.