बोटभर अडचण

कोल्हापूरच्या गुजरीत सकाळी अकराच्या सुमाराला चक्कर मारलीत, तर कुठल्या ना कुठल्या पेढीवर तात्या बसलेले दिसतील. नाव काही असू दे, आपण तात्याच म्हणू. कारण ही जात एका घराची किंवा एका गावाची नाही. पुण्यात सोन्या मारुती चौकाच्या आसपास ती नाना म्हणून वावरते, जळगावच्या सराफ बाजारात आप्पा म्हणून. ओळखायची खूण सगळीकडे एकच. माणूस शेठजींशी भावाबद्दल बोलत असतो आणि बोलता बोलता एका हातानं दुसऱ्या हातातली अंगठी सरळ करत असतो. अंगठी सरळ होते. तो पुढचं वाक्य बोलतो. तेवढ्यात ती परत फिरलेली असते.

तात्यांची बोटं उसाच्या कांड्यासारखी: मध्ये गाठ, अलीकडं-पलीकडं बारीक. माणूस मुळात हाडापेरानं थोर, त्यात तरुणपणी कबड्डी खेळलेला. पकडी करताना बोटं किती वेळा पिचली याचा हिशेब त्यांनी ठेवलेला नाही, पण गोष्टी ठेवल्या आहेत. प्रत्येक गाठीला एक सामना जोडलेला आहे. मधल्या बोटाची गाठ म्हणजे इचलकरंजी, तर्जनीची म्हणजे मिरज. अनामिकेची कुठली, असं विचारलं की "ती घरची" म्हणतात आणि काकींकडं बघतात. काकी बघत नाहीत.

दुखणं सांगायला सोपं आहे. सराफाकडं मापाच्या कड्यांचा जुडगा असतो. तात्यांच्या अनामिकेच्या मुळाशी 18 नंबरचं कडं नेमकं बसतं. पण तिथं पोचायचं तर वाटेत 24 नंबरचा घाट लागतो. एका नंबराचा फरक म्हणजे आतल्या घेरात साधारण एक मिलिमीटर. सहा मिलिमीटर ऐकायला काहीच वाटत नाहीत, पण तेवढ्यात तात्यांची हयात गेली. मुळाच्या मापानं केलेली अंगठी गाठीपाशी अडते, गाठीच्या मापानं केलेली मुळाशी गरगर फिरते. पहिल्या प्रकारच्या अंगठ्या कपाटात आहेत, दुसऱ्या प्रकारच्या बोटात. हात धुताना एक अंगठी एकदा बेसिनमध्ये गेली, तेव्हापासून तात्या मूठ आवळून हात धुतात. करून बघा, जमत नाही.

ज्योतिषाचा मामला वेगळाच. पत्रिका बघून एकानं तर्जनीत पुष्कराज घालायला सांगितला. गुरूचा खडा, वजन पाच रत्तीच्या वर, आणि खालून कोंदण उघडं, म्हणजे खडा कातडीला टेकला पाहिजे. आता जड खडा वर आणि सैल वेढं खाली, अशी अंगठी सरळ राहील कशी? जड बाजू खाली जाणार हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा! सकाळी पूजेच्या वेळी वर असलेला पुष्कराज चहा होईपर्यंत तळहातात उतरलेला असतो. "आमचा गुरू कायम वक्री," असं तात्या स्वतःच सांगतात, आणि पेन्शनची फाइल अडल्याचं खापरही त्यावरच फोडतात.

पन्नाशीनंतर गाठी आणखी वाढल्या, सकाळी बोटं आखडायला लागली, तेव्हा तात्या डॉक्टरांकडं गेले. सांध्यातली कूर्चा झिजली की कडेनं हाड वाढतं आणि गाठी येतात, घराण्यातही चालतात, असं डॉक्टरांनी समजावलं. त्यातून तात्यांनी उचललं ते वेगळंच. नखाजवळच्या सांध्यावरच्या गाठींना हेबर्डन या इंग्रज डॉक्टराचं नाव आहे आणि मधल्या सांध्यावरच्या गाठींना बुशार या फ्रेंच डॉक्टराचं. अंगठीच्या आड येतो तो हा बुशार. हेबर्डन बिचारा टोकाला बसलेला असतो, त्याच्यावरून अंगठी सहसा सुखानं उतरते. झालं! त्या दिवसापासून तात्या चारचौघांत हात पुढं करून सांगतात, "एका बोटात इंग्रज आन् फ्रेंच दोघं नांदवतोय मी. नेपोलियनला जमलं न्हाई!"

काकींचं निदान निराळं. बसल्या बसल्या कडाकडा बोटं मोडायच्या सवयीनं गाठी झाल्या, असं त्या चाळीस वर्षं म्हणत आल्या. यावर तात्यांना एक भरभक्कम साक्षीदार मिळाला आहे. डोनाल्ड उंगर नावाच्या अमेरिकन डॉक्टरानं पन्नासेक वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली, उजव्याची नाहीत, आणि शेवटी दोन्ही हात तपासून संधिवात कुठंच नसल्याचं 1998 मध्ये छापून जाहीर केलं. 2009 साली त्याला त्याबद्दल इग नोबेल मिळालं. हे पारितोषिक हसवता हसवता विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात, एवढा तपशील तात्या गाळतात आणि "नोबेलवाला डॉक्टर सांगतोय" एवढंच म्हणतात. खरं तर एका माणसाच्या दोन हातांवरून अख्ख्या मनुष्यजातीचा निकाल लागत नाही. पण काकींशी वाद घालायला तात्यांना तेवढे दोन हात पुरतात.

पुतण्याचा साखरपुडा ठरला तेव्हा या घराण्याची खरी परीक्षा झाली. मुलीकडच्यांनी रीतीप्रमाणे मुलाच्या बोटाचं माप मागवलं. घरातल्या कुणीतरी हुशारीनं पांढरा दोरा घेतला, पोराच्या अनामिकेच्या मुळाशी गुंडाळला, टोकं जुळली तिथं कापला आणि पाकिटात घालून पाठवला. दोऱ्यानं मुळाचं माप इमानानं सांगितलं. गाठीबद्दल त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

कार्यालयात अंगठी अर्ध्यावर गेली आणि थांबली. मुलीनं आधी हसून ढकलली, मग न हसता ढकलली. फोटोग्राफर म्हणाला, "ताई, तिथंच थांबा, तिथंच थांबा!" थांबण्यावाचून तिला इलाज नव्हता. मुलीच्या मामांनी साबणाची वडी मागवली, आत्यांनी खोबरेल तेल. गर्दीतून एक आवाज आला, "फ्रीजमधी धरा हात." तात्या पुढं झाले. त्यांनी पोराला हात डोक्याच्या वर धरून उभा राहायला सांगितलं, म्हणजे रक्त उतरून बोट बारीक होतं. शास्त्र बरोबर आहे. पण टोपी, उपरणं अशा थाटातला नवरदेव एक हात वर करून पाच मिनिटं उभा राहिला, तेव्हा मागच्या रांगेतल्या पाहुण्यांना वाटलं, पोराला काही बोलायचंय. त्याच्या वडलांनाही तेच वाटलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

अंगठी अखेर करंगळीत घातली. फोटोत कळत नाही.

न निघणाऱ्या अंगठीचं काम मात्र तात्यांच्या हातचं आहे, आणि इथं त्यांची थट्टा करायला मी तयार नाही. गल्लीत कुणाची अंगठी अडकली की बोलावणं येतं. तात्या काकींच्या शिलाई मशीनचं रीळ घेऊन जातात. दोऱ्याचं टोक सुईच्या नाकाड्यानं अंगठीखालून तळहाताकडं सारतात, मग उरलेला दोरा अंगठीला लागून बोटावर वेढ्याला वेढा चिकटवत गाठीच्या पुढपर्यंत नेतात. सूज दबते, बोट दोऱ्यानं मढून जातं. मग तळहाताकडचं टोक धरून हळूहळू उलगडायला लागतात. एकेक वेढा सुटतो तशी अंगठी पुढं सरकते, गाठीवर जराशी अडते, बाई "आई गं" म्हणते आणि अंगठी हातात येते. बोट निळं पडलेलं किंवा बधिर झालेलं दिसलं तर मात्र तात्या रीळ काढतच नाहीत, सरळ दवाखान्यात पाठवतात. तिथं बोट आणि अंगठीच्या मधे पातळ पट्टी सारून छोट्या चकतीनं अंगठी कापतात. सोनं परत झाळता येतं. एवढं शहाणपण दुसऱ्याच्या बोटापुरतं त्यांच्याजवळ भरपूर आहे.

स्वतःच्या बोटाचं निघालं की तात्या हटतात. गुजरीतल्या त्यांच्या नेहमीच्या कारागिरानं त्यांना सगळे उपाय सांगून झाले आहेत. पहिला म्हणजे मुळाचं आणि गाठीचं अशी दोन मापं घेऊन मधल्या नंबरची अंगठी करायची आणि आतल्या बाजूला खाली सोन्याचे दोन बारीक मणी झाळायचे. गाठीवरून जाताना बोटाचं मांस दबतं, मुळाशी गेल्यावर मणी टेकून बसतात, अंगठी फिरत नाही. "मणी? टोचतील." टोचत नाहीत हो, गुळगुळीत असतात. "तरी टोचतील." मग आतून घोड्याच्या नालेसारखी स्प्रिंगची पट्टी बसवायची, जाताना पसरते आणि मुळाशी आवळते. "स्प्रिंग गंजली म्हंजे?" सोन्याची गंजेल कशी, तात्या! मग बिजागरी. वेढं एका बाजूला उघडायचं, अंगठी गाठ टाळून थेट मुळाशी घालायची आणि खटका लावायचा. फरक पाच-सहा नंबरांचा असेल तर खरा इलाज हाच. मजुरी जास्त पडते, पण हात धुताना मूठ आवळावी लागत नाही. तात्यांनी कारागिराकडं असं काही बघितलं, की त्यानं तोंडातलं पान थुंकून टाकलं.

"अंगठीला बिजागरी? ती अंगठी हाय का खिडकी?"

तात्यांचं म्हणणं, अंगठी अखंड पाहिजे. 16 जून 2021 पासून सरकारनं हॉलमार्कची सक्ती टप्प्याटप्प्यानं सुरू केली. आता हॉलमार्कच्या प्रत्येक दागिन्यावर सहा अक्षर-आकड्यांचा क्रमांक असतो, आणि तात्या तो भिंगातून वाचतात, वहीत लिहून ठेवतात. "सोनं किती खरं हे सरकार बघतंय, बोटात बसतंय का हे बघायला कोण हाय?" असा त्यांचा सवाल असतो. कारागीर मान खाली घालून फुंकणी उचलतो. बघायला तोच बसलेला असतो.

एकदा त्यांनी याच संदर्भात शाकुंतलाचा दाखला दिला. शचीतीर्थावर शकुंतलेच्या बोटातून दुष्यंताची अंगठी पाण्यात पडली, माशानं गिळली, कोळ्याला सापडली. लोक दुर्वासाच्या शापाला दोष देतात. "राजाचं बोट केवढं, पोरीचं केवढं! माप घेतलं होतं का कुणी?" कालिदासाच्या टीकाकारांनी या मुद्द्याकडं लक्ष दिलं असतं तर बरं झालं असतं, असं मलाही वाटून गेलं.

गंमत अशी, की या माणसाच्या बोटात नेमकी बसलेली अंगठी मी पाहिली आहे. घरी सत्यनारायण होता. गुरुजींनी दर्भाचं पवित्रक दिलं, तात्यांनी ते उजव्या अनामिकेत घातलं. गाठीवरून जाताना दर्भ सैल झाला, मुळाशी गेल्यावर गुरुजींनी पीळ ओढला आणि ते घट्ट बसलं. संकल्पापासून आरतीपर्यंत तात्यांनी अंगठी सरळ केली नाही. हात काय करावेत हे त्यांना कळेना, म्हणून पहिल्यांदाच त्यांनी कथा नीट ऐकली.

काकींनी तेवढ्यात विषय काढला. त्यांची स्वतःची बोटंही काही चाफेकळी नाहीत. आयुष्यभर धुणी आणि भाकरी करून त्यांच्याही गाठी सुजल्या आहेत. त्यांची अंगठी सैल झाली तेव्हा त्यांनी खालच्या बाजूला दोरा गुंडाळला, काळा पडला की बदलला, आणि त्यावर कधी भाषण केलं नाही. त्या म्हणाल्या, "आमची जोडवी बघा की. तोंड उघडं असतं. घालताना फाकवायची, घातली की दाबायची. इतकी वर्षं पायात हायत, कधी पडली का?"

तात्या म्हणाले, "पायातलं हातात घालू व्हय?"

काकी प्रसादाची वाटी घेऊन आत गेल्या. कारागिराला मी नंतर हे सांगितलं, तेव्हा तो म्हणाला की उघड्या तोंडाची अंगठी सोन्यात सहज होते, फक्त पत्रा जरा जाड घ्यायचा आणि वारंवार फाकवायची नाही, नाहीतर वेढं थकून तुटतं. तात्यांच्या कपाटातल्या दोन अंगठ्या कापून महिनाभरात देतो म्हणाला. तात्या कापू देणार नाहीत, हे त्याला माहीत आहे. देऊन टाकतील तर त्यांनी गुजरीत रोज यावं कशाला?

तेव्हा तुमच्या घरात लग्न ठरलं असेल तर एवढं करा. माप दोऱ्यावर घेऊन पाकिटातून पाठवू नका, पोरालाच पेढीवर न्या. सकाळच्या गारव्यात नेऊ नका, संध्याकाळी न्या. दिवसभरात बोट फुगतं आणि खरं माप तेव्हा कळतं. पट्टी रुंद हवी असेल तर मापाची कडीही रुंदच मागा, कारण रुंद अंगठीला नंबर मोठा लागतो. मुळाचं आणि गाठीचं, दोन्ही मापं लिहून घ्या. आणि तात्यांना सोबत नेऊ नका.