मनीकाका

मनीकाका ही जमात दादर, डोंबिवली, कोथरूड अशा मध्यमवर्गीय वस्त्यांत आढळते. वय साठीच्या पुढे, नोकरी बहुधा बँकेत झालेली, आणि सकाळचा पेपर संपला की दिवस मोकळा. या जमातीतला प्रत्येक जण मुळात मांजरांचा कट्टर विरोधक असतो. मुलगी जिन्याखाली सापडलेलं पिल्लू ओढणीत गुंडाळून आणते, तेव्हा ‘हे घरात चालणार नाही’ असं काकाच बजावतात. आठवड्याभरात पिल्लाच्या जेवणाचं वेळापत्रक फ्रिजवर लागतं आणि त्यावरचं वळणदार अक्षर काकांचं असतं.

काकांची पहिली श्रद्धा दुधावर. प्रत्यक्षात आईचं दूध सुटू लागलं की दुधातली साखर पचवण्याची पिल्लाची ताकद ओसरते, त्यामुळे गाई-म्हशीचं दूध पुष्कळ पिल्लांना बाधतं. हे ज्ञान काकांना पायपुसणी धुताना होतं. साधारण चौथ्या आठवड्यापासून पिल्लू मऊ, ओलं खाणं चाटू लागतं आणि आठव्या आठवड्यापर्यंत आईच्या दुधावाचून त्याचं भागतं.

दूध बंद झालं की वरणभात येतो. घर शाकाहारी असेल तर काका पिल्लालाही शाकाहाराची दीक्षा देऊ पाहतात. मांजराला टॉरिन नावाचं द्रव्य अन्नातूनच मिळावं लागतं. ते मांसमासळीत असतं, वरणात नसतं, आणि फार काळ कमी पडलं तर डोळे आणि हृदय दोन्ही बिघडतात. फोडणीतला कांदा-लसूण तर मांजराला विषारीच. शिवाय मांजराला गोड चव कळत नाही. चतुर्थीला मोदक चाटणारं पिल्लू पाहून काकांना भरून येतं. पिल्लू त्यावरचं तूप चाटत असतं.

काकांची खरी कारागिरी पुढे दिसते. बशीत पिल्लांसाठीचं कोरडं खाणं पडतं. पिल्लू हुंगतं आणि मान फिरवतं. ‘आवडलं नाही वाटतं त्याला,’ असं म्हणत काका पाउच फोडतात. त्यातला रस्सा तेवढा चाटून पिल्लू बाजूला होतं. मग उकडलेली कोंबडी निघते आणि तीही नाकारली गेली की काका पिशवी घेऊन बोंबील आणायला बाहेर पडतात. पहिल्या बशीला तोंड लावलं नाही तर चौथी बशी येते, हा हिशेब पिल्लाला दोन दिवसांत उमगतो. याच काकांनी पोटच्या मुलांना ‘पानात टाकायचं नाही’ म्हणत कारल्यासमोर तासभर बसवलेलं असतं. ‘अहो, मला ताप होता तेव्हा एवढं कुणी विचारलं नव्हतं,’ हे काकूंचं वाक्य त्यांना ऐकू येत नाही.

काकूंच्या हातून मात्र तेच पिल्लू निमूट जेवतं. त्या खाणं किंचित कोमट करतात, बशी ठेवतात आणि आपल्या कामाला लागतात. अर्ध्या तासाने उरलेलं उचलतात. पुढच्या वेळेपर्यंत दुसरं काही नाही. लहान पिल्लाचं पोट छोटं, म्हणून दिवसात तीन-चार वेळा थोडं थोडं. मांजर वासावर जेवतं, तेव्हा सर्दीने चोंदलेलं नाक, दुखणारं तोंड किंवा जंत हीसुद्धा न जेवण्याची कारणं असू शकतात. दिवसभर अन्नाला शिवलंच नाही तर डॉक्टर गाठावा. अगदी लहान पिल्लाच्या बाबतीत तेवढंही थांबू नये.

साधारण एक वर्षाचं झालं की मांजर मोठ्यांच्या खाण्यावर येतं. मेन कून यांसारख्या थोराड जातींना दीड-दोन वर्षं लागतात. पिल्लांच्या खाण्यात उष्मांक आणि प्रथिनं जास्त असतात; वाढ थांबल्यावर ती चरबीच्या खात्यात जमा होतात. नसबंदीनंतर तर भूक वाढते आणि गरज घटते. काकांना यातलं काहीच मान्य नसतं. सोफ्याची निम्मी जागा अडवून पसरलेल्या बोक्याकडे बोट दाखवून ते डॉक्टरांना सांगतात, ‘अजून लहान आहे हो!’ डॉक्टर बोक्याला काट्यावर ठेवतात. काका काट्यावर संशय घेतात.

बदलाची रीत सोपी आहे. जुन्या खाण्यात आधी पाव भाग नवं मिसळायचं, दोन-तीन दिवसांनी निम्मं, मग पाऊण, आणि आठ-दहा दिवसांत सगळं नवं. घाई केली तर पोट बिघडतं. काका पाव भागावर महिनाभर रेंगाळतात आणि दुपारी, घर झोपलेलं असताना, पिल्लांचा पाउच फोडतात. म्हणून बहुतेक घरांत बोक्याचं खाणं बदलण्याआधी पाउचच्या कपाटाची किल्ली काकूंच्या कमरेला जाते.